लेण्यातली शेळी

निजामाच्या अमलातली गंमत सांगतो, चहा निवू द्या. खुलताबादच्या घाटाखाली लेण्यात शेरडं न्यायला सक्त बंदी होती. चौकीदार रहीमचाचा आम्हा धनगरांमागं काठी घेऊन धावायचा.

एकदा हैदराबादेहून साहेब लेणी बघायला आला. आत लई काळोख, म्हणून चाचानं मला दारात आरसा धरायला लावला. म्या ऊन आत फेकलं, तर मूर्तीच्या पायाशी गारव्याला शेळी रवंथ करत बसलेली! आमची शेरडं तर टेकडीवर.

साहेब भडकला, "कुणाची ही? चौकीदार, नोकरी जाईल!"

चाचा म्हणाला, "हुजूर, ह्या धनगरांची!"

तेवढ्यात शेळी उठली अन् सरळ चाचाच्या खिशात तोंड घालून शेंगा खाऊ लागली.

साहेब म्हणाला, "ही तर तुम्हालाच ओळखते!"

चाचा ताठ उभा राहिला. "हुजूर, सरकारी माणूस हाय मी. मला सगळा मुलूख वळखतो."