बोट आहे बाप्पा, भेंडी नाही!

...आणि मग गोपाळराव फोनवर म्हणतात, "नाही नाही, कापाचंच आहे! बोट... हो, उजव्या हाताचं... शुक्रवारी..." अन् तेवढ्यात आली ना ती कचरागाडी, भोंग्यावर गाणं लावून! आता मले सांगा, सकाळपासून त्या गाडीची वाट पाहा तं येत नाही, अन् शेजारच्या घरातलं काही कामाचं ऐकू येऊन राहिलं का लगेच हजर! मी गॅलरीत, हातात ओली चादर, अर्धं आंग बाहेर... चादर वाळू घालाले हो, ऐकाले नाही, मले तशी सवयच नाही... अन् गाणं दूर जाईपर्यंत गोपाळराव फोन खिशात टाकून, स्कूटरले किक मारून, आमच्या महाल वस्तीच्या गर्दीत गडप! राहिली ना मी लटकत! चादरही अन् मीही!

शुक्रवारी बोट कापणार! त्यांच्या बायकोचं, आमच्या चारुलताचं! अहो, बोट आहे बाप्पा, भेंडी आहे का, शुक्रवारी कापाले?

तुम्हाले सांगते, चारुलता म्हणजे आमच्या भिंतीले भिंत. ब्लाऊज शिवते. गांधीबागेच्या कापडबाजारातून कसंही कापड आणा, तिच्या कैचीखालून गेलं की आंगाले असं बसते जसं देवानंच माप घेतलं. पण गल्लीत तिचं नाव ब्लाऊजसाठी नाही, नाव आहे बोटासाठी! उजव्या हाताचं मधलं बोट! आता दृष्ट काढाले आपण बाया काय करतो? लेकराच्या तोंडावरून हात उतरवतो, आपल्या कानशिलावर ठेवतो अन् बोटं मोडतो. जेवढा मोठा आवाज, तेवढी मोठी दृष्ट निघाली. माझे बोटं किती दाबा, आवाजच नाही, ओल्या लाकडावानी. पण चारुलताचं बोट... दोन-तीन वर्षं झाली असतील, त्याले असा काही गुण आला म्हणता... "कट्!" समोरच्या पानठेल्यावर ऐकू जाते! पोट्टं रडून राहिलं? न्या चारुलताकडे. "कट्!" पोट्टं चुप! दचकून होत असन, पण चुप! नवी नवरी, नवी गाडी, दहावीचा निकाल, सगळ्यायले आधी चारुलताचं कट्. अन् माझ्या सोनिकाचं लग्न पुढच्या महिन्यात! हॉल बुक केला नव्हता, त्याच्या आधी मी चारुलताले सांगून ठेवलं होतं, "मांडवात दृष्ट तूच काढशीन वं!" अन् तेच बोट कापून राहिले!

मी तशीच खाली. जिन्यात भेटल्या भीमाबाई, खालच्या मजल्यावरच्या. मी काही कोणाले सांगत सुटत नाही, पण काळजी वाटते ना माणसाले, म्हणून फक्त त्यायले सांगतलं. त्यांनी छातीवर हात मारला.

"माय वं! शुगरचं असन!"

"एकच बोट म्हणे, भीमाबाई."

"पहिले एकच सांगतात. मंग हळूच पंजा धरतात."

"तुम्हाले कोण सांगतलं?"

"आता तुम्हीच नाही का सांगून राहिल्या, सोनिकाच्या आई!"

घ्या! मी जिना उतरून, चप्पल घालून, गेटपर्यंत गेली असन नसन, तर भाजीवाला मलेच विचारते, "ताई, टेलरवालीचा हात मनगटापासून गेला म्हणे?" मी जिन्यातून बोट घेऊन उतरली होती हो! गेटवर मनगट झालं! बोट आहे बाप्पा, भेंडी आहे का, असं कोणाच्याही टोपलीत टाकाले?

शेजारच्या जिन्यानं वर गेली. चारुलता मशीनपाशी बसली होती. मले पाहून हात पदराखाली.

"दाखव बोट."

"काहून?"

"दाखव म्हणते ना!"

"काही झालं नाही वं. कोण सांगतलं तुले? हे पाह्य, तुझ्या सोनिकाचाच हिरवा ब्लाऊज कापून राहिली." अन् मले दाखवाले म्हणून उचलली ती लोखंडी कैची, तिच्या सासऱ्याची, उचलाले आपल्याले दोन हात लागतात अशी. चार पदरी कापड. करकर, करकर, करकर... अन् थांबली. चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरली.

"काय झालं वं? सोड ना कैची."

"सुटून नाही राहिली."

"म्हणजे?"

"बोट उघडून नाही राहिलं!"

तुम्हाले सांगते, मधलं बोट कैचीच्या कड्यात वाकलेलं, तसंच! सरळ व्हायचं नावच नाही! मी ओढाले गेली तर अशी किंचाळली की खाली भाजीवाल्यानं "गेलं, गेलं, मनगट गेलं!" म्हणून ओरडून टाकलं! मंग बसली रडत अन् सांगाले लागली. रोज सकाळी हेच! उठली की बोट वाकलेलं. अंधारातच चुपचाप गरम पाण्यात हात ठेवते, दुसऱ्या हातानं धरून सरळ करते, तवा ते होते... कट्! डोळ्यातून पाणी येते, इतकं दुखते. समजलं का तुम्हाले? जे कट् ऐकून आपण "वा, निघाली दृष्ट!" म्हणून राहिलो होतो, ते तिचं दुखणं होतं हो! आख्ख्या गल्लीनं दोन-तीन वर्षं एका बाईचं दुखणं वाजवून घेतलं! मी तं खालीच बसली.

पण बसून काय होते? कैची हातात अडकलेली! केला आटो. चारुलताचा हात वर, हातात ती तलवारीएवढी कैची, अन् मी तिचं मनगट धरून. आटोवाला आरशात पाहते, पुढं पाहते, पुन्हा आरशात पाहते. "ताई... कोणाच्या घरी जाचं आहे?" म्हटलं, "दवाखान्यात!" तो म्हणते, "म्हणजे झालं सगळं?" बडकस चौकात एवढी गर्दी, पण आम्हाले रस्ता असा मोकळा भेटला, असा मोकळा... एक जण तं हात जोडून बाजूले झाला!

डॉक्टरीण पोरगीच आहे, नूपुर नावाची. पण थंड! आधी कोमट पाणी, मंग हळूच, न ओढता, कैची काढली. मंग चारुलताकडं पाहून म्हणते, "मी मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं ना? पट्टी बांधून झाली, इंजेक्शन झालं, तुम्ही हाताला आराम दिलाच नाही. शुक्रवारी या म्हटलं, तुमचे मिस्टर हो म्हणाले, तर तुम्ही म्हणता महिन्यानंतर. असं अडकलेलं ठेवलंत, तर उद्या बोट सरळच होणार नाही."

म्हणजे चारुलता आधी येऊन गेली होती! मले न सांगता! भिंतीले भिंत असून!

मी म्हटलं, "डॉक्टर, पण कापता कशाले? बोट आहे बाप्पा, भेंडी आहे का?"

ती म्हणते, "अहो, बोट कोण कापतंय?" अन् काही टेंडन, शीथ, सूज, असं सांगाले लागली. आम्ही दोघी हो हो म्हणून राहिलो, पण तिले कळलं की आम्हाले कळून नाही राहिलं. मंग टेबलावरच्या कैचीकडं पाहून म्हणते, "तुम्ही परकर शिवता ना? नेफ्यात नाडी असते. बोट वाकवणारी दोरी म्हणजे ती नाडी, आणि ती ज्या नळीतून जाते तो नेफा. तासन्‌तास घट्ट धरून, दाबून काम केलं की दोघांना सूज येते. नाडीला गाठ, नेफ्याचं तोंड अरुंद. गाठ तोंडाशी अडकते, जोर लावला की सुटते..."

"कट्!" मी म्हटलं.

"बरोबर. आपण फक्त तळहातातून नेफ्याच्या तोंडाचे दोन टाके उसवायचे. परकर फाडायचा नाही."

एवढं साधं! मंग आणखी सांगतलं, मी सगळं ध्यानात ठेवलं, कारण भीमाबाईले सांगा लागते ना! कैचीच्या कड्याले जाड मऊ कापड गुंडाळायचं. चार पदर एकदम नाही कापाचे. मधून मधून हात सोडायचा, बोटं पसरवायची. अडकलं की झटका द्यायचा नाही, मालीश करून चोळाचं नाही. शुगर तपासून घ्यायची, शुगरवाल्यायले हे जास्त होते, म्हणजे भीमाबाईही अगदीच खोट्या नाही. अन् सुरुवातीलेच आली असती तर कापाची पाळीच आली नसती!

"मग महिनाभर थांबायचं कशाला?" डॉक्टरीण विचारते.

चारुलता मान खाली घालून म्हणते, "हिच्या सोनिकाचं लग्न आहे जी. कापलं की आवाज जाईन. मंग मांडवात दृष्ट कशी काढू? शब्द दिला आहे."

ऐकलं? बोट वाकडं झालं तरी चालन, हातचं काम गेलं तरी चालन, पण माझ्या पोरीची दृष्ट! आता खरं सांगते, एक क्षण माझंही मन लोभावलं. एकुलती एक पोरगी, भरला मांडव, कळमेश्वरची सासरची माणसं... अन् असं खणखणीत कट्! पण मंग तिच्या बोटाकडं पाह्यलं. कैचीच्या कड्याचा लाल वळ, अन् बोट अजून अर्धं वाकलेलंच. माझा आवाज असा चढला की बाहेरचे पेशंट उभे राहिले. "शुक्रवारीच कापा! म्हणजे... उसवा!"

शुक्रवारी उसवलं. संध्याकाळी घरी. भीमाबाई पाहाले आल्या, पट्टीवरून बोटं मोजली. पुन्हा मोजली. "पाची आहेत वं..." म्हणाल्या, अन् मले वाटते थोड्या नाराजच झाल्या.

अन् लग्नात काय झालं, विचारू नका! म्हणजे विचारा, मी सांगतेच. सोनिका हिरवा ब्लाऊज घालून उभी, असा बसला होता म्हणता! चारुलता पुढं आली. गल्लीतल्या बायायनं पोट्ट्यायले चुप केलं. तोंडावरून हात उतरवले, कानशिलावर ठेवले, दाबले...

काहीच नाही.

पुन्हा दाबले. पंख्याचा आवाज आला तेवढा. पण चारुलताचा चेहरा पाहा ना, उजळला होता! दुखलंच नाही तिले! मले तं रडू फुटलं, अन् तेवढ्यात विहीणबाई कानाशी लागल्या, "मंग खरं आहे म्हणा, आमच्याकडे कळमेश्वरले ऐकलं ते? बाईचं बोट कापलं?"

कळमेश्वर! माझ्या जिन्यातून निघून कळमेश्वरले! मी म्हटलं, "अर्धं खरं आहे विहीणबाई. कापलं, पण बोट नाही. बोटातला आवाज."

आता काय सांगू तुम्हाले... बोट सरळ आहे, दुखणं नाही, कैचीच्या कड्याले मखमल गुंडाळली आहे, ब्लाऊज वेळेवर भेटतात. पण गल्लीत कुठंही पोट्टं रडलं का बाया माझ्याच दारापुढं येऊन उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवून, अन् म्हणतात, "चांगलं वाजतं बोट होतं वं! तुम्हीच आटोत घालून नेलं, अन् बिघडवून आणलं!"