सुर्वेकाकूंचं नाक आणि पार्लरचं दार

त्या दिवशी पार्लरचं दार उघडलंच नाही, नुसता ‘ठण्ण’ आवाज आला. वळून बघते तर आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधल्या सुर्वेकाकू नाक धरून बाहेर उभ्या! झालं काय, सकाळीच मी काचेचं दार इतकं चकाचक पुसलं होतं की काकूंना ते दिसलंच नाही.

त्यांना आत आणून बसवलं, नाकावर बर्फ धरला.

“एक्सरे काढावा लागला तर खर्च तुझा हं,” काकू म्हणाल्या. “विमा आहे ना गं पार्लरचा?”

“आहे ना! आगीचा आहे, चोरीचा आहे, दाराच्या काचेचासुद्धा आहे.”

“म्हणजे दार फुटलं असतं तर पैसे मिळाले असते?”

“हो.”

“आणि माझं नाक?”

यार, गिऱ्हाइकाला लागलं तर त्याचा विमा वेगळा असतो, आणि तो मी घेतलाय की नाही, तेच आठवेना. विमावाल्या काकांना फोनवर फोन लावले, उचलेचनात. शेवटी मेसेज टाकला, ‘काका, बाई दारावर जोरात आपटल्या, अर्जंट!’ आणि पुन्हा फोन लावत बसले.

“तू आधी पाणी पी,” सुर्वेकाकूच मला म्हणाल्या. “माझ्यापेक्षा तुझंच तोंड वाईट दिसतंय.”

तेवढ्यात काकांनी फोन उचलला. मी घाईघाईत स्पीकरवर टाकला.

“अजिबात घाबरू नकोस बाळा,” काका म्हणाले, “काच पूर्ण कव्हर आहे!”