जावई अजून तळ्यातच आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या शहराचे सन्माननीय महापौर, व्यासपीठावरचे आयुक्तसाहेब, माझ्याबद्दल आत्ता इतकं गोड बोललेल्या उद्यान विभागाच्या संचालकबाई, प्राणी सुटका पथकातले माझे सहकारी, आणि 'आवर आता' अशी खूण आत्तापासूनच करणारे, दुसऱ्या रांगेतले माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

संचालकबाई म्हणाल्या, "डॉक्टरबाईंनी हाती घेतलेलं एकही काम अर्धवट सोडलं नाही." बाई, तुमच्या तोंडात साखर पडो, पण तेव्हा मागे कोणीतरी खुदकन हसलं, ते मी ऐकलं. हसणाऱ्याचं बरोबर आहे. माझं अर्धवट काम इथून हाकेच्या अंतरावर, तळ्यात डुंबतंय.

कोणीतरी हौसेनं अ‍ॅलिगेटर पाळला. मगरीचाच हा चुलतभाऊ. वीतभर होता तोवर लाड झाले, न्हाणीघरात मावेना तेव्हा रातोरात तळ्यात. एका सकाळी बोट क्लबच्या मुलींच्या होडीशेजारी त्यानं डोकं वर काढलं, आणि तळं बंद झालं. होडीवाल्यांच्या पोटावर पाय आला. आमच्या पथकानं त्याचं नाव ठेवलं जावई. आला तो आला, जायचं नाव नाही, आणि कोंबडी मात्र रोज ताजी हवी.

आम्ही पिंजरा लावला. पिंजऱ्यात कासव सापडलं. जाळं टाकलं. जाळ्यात एक सायकल आली. मग बाहेरगावाहून तज्ज्ञ मागवले. ते तीन दिवस दुर्बीण लावून बसले आणि कॅमेऱ्यापुढे म्हणाले, "या तळ्यात अ‍ॅलिगेटर नाही." त्यांच्या मागे, धक्क्याच्या फळ्यांवर, जावई ऊन खात पडला होता. टीव्हीवर ते सगळ्या शहरानं पाहिलं. हसू मात्र आमचं झालं, कारण तज्ज्ञ संध्याकाळच्या गाडीनं गेले.

त्यानंतर मला कोणी "कशा आहात?" असं विचारलंच नाही. भाजीवाली विचारते, "सापडला का?" दाताचे डॉक्टर माझा जबडा उघडून विचारतात, "सापडला का?" सासूबाईंचा फोन: "अगं, दोन मुलं वाढवलीस, तुला एक मगर धरता येईना?" चिडचिड इतकी व्हायची, की गाडीच्या काचा वर करून एकटीच ओरडून घ्यायची मी.

शेवटी महापालिकेच्या सभेत ठरलं: डॉक्टरबाई निवृत्त होईपर्यंत जनावर सापडलं नाही, तर बंदूकवाले बोलवायचे. ते उद्या येणार आहेत.

आणि गेल्या आठवड्यात तो सापडला होता. हो, सापडला होता! आमच्या पथकातल्या पैलवाननं धक्क्याजवळ फास टाकला, तो बरोबर जबड्यावर बसला. दोर आम्ही दोघांनी धरलेला. इतक्यात अध्यक्षमहोदय, आपण फोटोग्राफर घेऊन आलात.

"डॉक्टरबाई, दोर जरा मलाही धरू द्या. एकच फोटो."

"साहेब, फळ्या निसरड्या आहेत. पुढे येऊ नका."

आपण पुढे आलात, आणि थेट पाण्यात गेलात. आम्ही जनावर धक्क्याकडे ओढत होतो, म्हणजे आता ते तुमच्याच अंगावर येत होतं. सोडलं तर खोल पाण्याकडे पळेल, हे मला ठाऊक होतं.

"सोड!" मी ओरडले.

"बाई, आत्ता तर धरलाय!" पैलवानला रडू फुटायचं बाकी होतं.

"सोड म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'पथकाच्या हातून दोर निसटला.' त्याखाली आपली प्रतिक्रिया होती, 'पथकाला प्रशिक्षणाची गरज आहे.' मी गप्प बसले. नोकरीत होते. ती आज दुपारी संपली. दोर निसटला नव्हता, मी सोडला होता. पैलवानला नातेवाईक अजून टोमणे मारतात, म्हणून हे चारचौघांत सांगणं भाग आहे.

त्या जनावराचा मला लळा वगैरे लागलेला नाही. त्यानं माझी शेवटची दोन वर्षं नासवली. पण ते इथे आपल्या पायांनी आलं नाही, आणि मी पशुवैद्य आहे. थंडीत ते सुस्त पडतं. तेव्हा पैलवान त्याला धरेल, अभयारण्यवाले न्यायला तयार आहेत. तोवर होडीवाल्यांना वरच्या जलाशयावर जागा द्या आणि बंदूकवाल्यांना थांबवा. एवढंच मागते. ही शाल नको हवी तर.

अध्यक्षमहोदय, आपण मान हलवलीत. मागच्यांना दिसलं नसेल. जरा माईकमध्ये सांगता?

... "थांबवतो." ऐकलंत ना सगळ्यांनी? आयुक्तसाहेब, आपणही ऐकलंत.

पथकाचे, होडीवाल्यांचे, आणि चिखलाचे बूट निमूटपणे बाहेर ठेवणाऱ्या माझ्या यजमानांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मलाही कळतं. काही लागलं असेल तर पोटात घाला. अध्यक्षमहोदय, आपण मात्र आत्ता दिलेला शब्द तेवढा पोटात घालू नका.