मालिकेतला बाप

पद्माबाई : कुरुंद्याच्या त्या पोराचं पत्र अजून तुमच्या शब्दकोशात तसंच ठेवलेलं आहे, अहो. दोन महिने झाले. उत्तर दिलंत का?

नागोराव : चार वेळा बसलो लिहायला. धड जमलंच नाही.

पद्माबाई : मालिकेचे संवाद एवढे लिहिता, सगळा जिल्हा ऐकतो. आणि एका पोराला चार ओळी जमेनात?

नागोराव : मी नुसते संवाद लिहितो गं. गोष्ट मुंबईत ठरते. ते सांगतात, मी आपल्या बोलीत करून देतो.

पद्माबाई : ऐका पुन्हा. ‘सर, मालिकेतल्या किरणला मुली नकोत, त्याचा मित्रच त्याचं सगळं आहे. मीही तसाच आहे. आमचं सगळं घर जेवताना तुमची मालिका बघतं. किरणचा बाप शेवटी काय करतो, एवढं कळवा. त्यावरून घरी सांगायचं की नाही ते ठरवीन. फोन घरचे बघतात, म्हणून उत्तर माझ्या मित्राच्या, वासिफच्या शिलाईच्या दुकानावर पाठवा. आपला, संतोष.’

नागोराव : तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं, बाप काय करणार ते.

पद्माबाई : आणि कळलं तेव्हा?

नागोराव : तेव्हा... लाज वाटली.

पद्माबाई : थांबा, दारात कोणीतरी आहे. ठेवते हे आत. कोण? या.

बंडू : नमस्कार. मालिका लिवनारे सर इथंच राहतेत ना? म्या बंडू. कुरुंद्याहून आलो. हळद असती आमची.

नागोराव : बसा, बसा. पाणी आण गं.

बंडू : बसत न्हाई सर. एकच इचारतो. तुमच्या त्या किरणला बापानं गोठ्यात बांधून मारलं, उपाशी ठेवलं. मंग पोरगं पाया पडलं, ‘बाबा, मी सुधारलो’ म्हनलं. पुढच्या हप्त्यात लगीन. बराबर?

नागोराव : ब... बरोबर.

बंडू : मंग माझं काहून सुधरून न्हाई राहिलं?

पद्माबाई : तुमचं कोण?

बंडू : पोरगं. संतोष. कॉलेजात हाय, शेवटच्या सालाला.

पद्माबाई : अगं बाई! अहो...

नागोराव : तुम्ही... तुम्ही काय केलंत त्याचं?

बंडू : तुमी दाखवलं तेच की. आधी तुमचा तो बाप रडला व्हता. ‘कसं बी असंल, लेकरू माझंच हाय’ म्हनला. म्या बी रडलो, घास हातात तसाच. ते पाहून संतोषनं मला समदं सांगितलं. देवाशपथ सर, तवा म्या बोटसुदिक न्हाई लावलं. म्हनलं, पाहू हा बाप काय करतो. मंग त्यानं चाबूक काढला.

पद्माबाई : आणि तुम्ही?

बंडू : चाबूक कुठला घरी, बैल कवाच इकले. ट्रॅक्टरचा जुना पट्टा घेतला. हळदीच्या शेडात खांबाला बांधला अन् हानला. पाठीची सालटी निघाली. माय मधी पडली, तिला बी बसला. पोरानं तिच्यासाठी दोरातून हात काढून मधी घातला, तं तो मोडला वाटते. फुगून ह्ये एवढा झाला. ‘सुधारलो म्हन, सोडतो’ म्हनलं. म्हनत न्हाई. नुसतं पाहते माझ्याकडं.

नागोराव : बंडूभाऊ...

बंडू : सर, टीव्हीवर मधलं काही कापलं असंल. काय करायचं राहून गेलं, तेवढं सांगा.

पद्माबाई : आत्ता कुठंय तो?

बंडू : शेडातच.

पद्माबाई : बांधलेला? अरे राक्षसा!

नागोराव : काही कापलेलं नाही, बंडूभाऊ. ते खोटं आहे.

बंडू : काय खोटं?

नागोराव : सुधारणं. त्यात सुधारण्यासारखं काही नसतंच. किरणचं काम करणाऱ्या नटाला दुसरीकडे काम मिळालं. लोकांचीही ओरड होती, पोराबाळांत बघवत नाही म्हणून. मुंबईहून फोन आला, हे प्रकरण मिटवा, लग्न लावून टाका. मी... लिहून दिलं.

बंडू : अन् मार?

नागोराव : चाबूक कापडाचा असतो. रक्त म्हणजे रंग. तो नट उठून चहा प्यायला असेल.

बंडू : माझ्या हातातला पट्टा खरा व्हता.

नागोराव : हो.

बंडू : खरा व्हता, सर! तुमच्या भरवशावर हानलं म्या! तुला ठाव व्हतं! तुला समदं ठाव व्हतं अन् तू...

पद्माबाई : सोड! गळा सोड त्यांचा! अरे म्हातारा माणूस आहे, मरेल! डोकं नको आपटू... चष्मा फुटला, रक्त आलं! सोड म्हणते ना!

नागोराव : मारू दे त्याला.

पद्माबाई : तुम्ही गप्प बसा!

नागोराव : मारा बंडूभाऊ, पण आधी ऐका. मी पहिल्यांदा वेगळं लिहिलं होतं. बाप चाबूक घेऊन गोठ्यात जातो. पोरगं बांधलेलं, मान खाली घालून उभं. बाप बघत राहतो, आणि विचारतो, ‘जेवलास का रे?’

बंडू : ...मंग?

नागोराव : मग काही नाही. दोर सोडतो.

बंडू : हे काहून न्हाई दाखवलं?

नागोराव : फोनवर म्हणाले, यात काही घडतच नाही. मी भांडायला हवं होतं. मला भांडता येत नाही.

बंडू : हे पाह्यलं असतं तं म्या... म्या...

पद्माबाई : रडायला वेळ नाही आता. गाडी काढ. मी मागं बसते. ती गाठ सुटलेली मला माझ्या डोळ्यांनी बघायची आहे. तिथून थेट दवाखाना. वाटेत पोलीसठाणं लागतं, ध्यानात ठेव.

बंडू : चला बाई.

(पुढच्या आठवड्यात. वसमतच्या पोस्टाबाहेर, लाल पेटीपाशी. नागोरावांच्या कपाळाला पट्टी, हातात पाकीट.)

बंडू : सर, कपाळ कसं हाय?

नागोराव : बरं आहे. संतोष?

बंडू : प्लास्टर घातलं. डाक्टरनं इचारलं कशानं मोडला, तं म्हनला, पडलो. म्या म्हनलं, न्हाई, म्या हानलं. लिवून घेतलंय त्यायनं. ठाण्यात बलावलंय मला.

नागोराव : बोलतो का तुमच्याशी?

बंडू : म्या इचारलं, ‘जेवलास का रे?’

नागोराव : मग?

बंडू : भिंतीकडं तोंड केलं. तुमचं पहिलं लिवलेलं बी न्हाई चाललं, सर.

नागोराव : तेच कळवलंय त्याला. बाप शेवटी काय करतो ते मला ठाऊक नाही, कधीच नव्हतं. आणि त्याचं काही चुकलेलं नाही, चुकलं ते आमचं.

बंडू : त्याचंच पत्र हाय का? द्या, म्या दवाखान्यातच चाललोय त्याच्याकडं.

नागोराव : नको. म्हणजे... पत्ता दुसरा आहे.

बंडू : वासिफच्या दुकानाचा ना? ठाव हाय. रोज डबा घेऊन येतंय ते पोरगं.

नागोराव : बंडूभाऊ, त्याला काही...

बंडू : न्हाई सर. तो जाईस्तोवर म्या भायेर उभा राहतो. टाका तुमी पेटीत. त्याच्या हातून घेईल. माझ्या हातचं पानी बी घेत न्हाई.

नागोराव : ...टाकलं.