तबियत लागत नाही

...आणि वर म्हणतात, "मनाला लावून घेऊ नका." तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं ना, तो मला एकदा भेटायला हवा. लावून घ्यायला ते काय गंध आहे, की सकाळी अंघोळ केली, देवासमोर बसलो आणि घेतलं मनाला लावून? मी आपला निवांत बसलेला असायचो, पुढ्यात चहा, घरात सगळं जागच्या जागी, आणि ते आपलं आपण यायचं आणि लागायचं. मग छातीत धडधड, मग तळहाताला घाम, मग वाटायचं की काहीतरी विसरलंय, कुठंतरी जायचं राहिलंय, कुणीतरी बोलावणार आहे... कोण बोलावणार, कशाला, काही पत्ता नाही, पण मी आपला चप्पल घालून तयार.

आता तुम्ही विचाराल, हे सुरू कधी झालं? तर मुंबई राज्यात गेलो तेव्हा. म्हणजे मी कुठं गेलो नाही, मी धाराशिवलाच होतो, त्याच कचेरीत, त्याच खुर्चीत; राज्यच माझ्या अंगावरून पुढं गेलं. निजाम गेला तेव्हापासून उर्दू जाणार जाणार म्हणत होते, ती मागं रेंगाळत रेंगाळत शेवटी गेली, आणि फर्मान निघालं की सगळा कारभार मराठीत. मी म्हटलं, उत्तम. आई मला मराठीत रागावली, बायको मराठीत रागावते, मला काय अवघड? पण कचेरीतली मराठी निराळीच निघाली हो. जन्मभर घरी मराठी बोललो आणि कचेरीत उर्दू लिहिली, उजवीकडून डावीकडं. आता डावीकडून उजवीकडं निघालो की हात मधेच थांबून विचारायचा, मालक, नक्की इकडूनच ना?

त्यात साहेब आले पुण्याकडचे. माणूस सज्जन. ओरडणं नाही, आपटणं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही घरी येऊन चार शिव्या घातल्या असत्या आणि झोपलो असतो. पण नाही. हातात तांबडी पेन्सिल. मी मसुदा नेला की म्हणायचे, "बसा, नारायणराव." आणि पेन्सिल चालू. "दरखास्त नव्हे, अर्ज. पेशी नव्हे, सुनावणी. गैरहाजीर कशाला, अनुपस्थित लिहा की." आता अर्ज हा काय पुण्यात पिकतो? तोही अरबीच, हे मी मनात म्हणालो. मनात म्हणायची सवय तेव्हापासूनची.

आणि एक दिवस हात थांबलाच. टाक दौतीत बुडवला, कागदावर आणला, तर थरथर. शाईचा ठिपका पडला, तो पसरत गेला, आणि मी त्याच्याकडं असा बघतोय जसा काही तो कुणा दुसऱ्याचाच आहे. तुम्हीच सांगा, गवयाचा गळा बसला तर तो शिकवण्या करील, पण कारकुनाचा हातच चालेना तर त्याला ठेवतील कशाला? घरात पोरगी शिकतेय, पेन्शन अजून लांब, आणि हात संपावर.

बायकोनं, म्हणजे वनमालानं, नजर काढली. मिरच्यांचा ठसका साऱ्या आळीला लागला, म्हणजे नजर नव्हती. शेजारचे तात्या म्हणाले, "बाहेरचं असेल." मी म्हटलं, तात्या, बाहेरचंच आहे, पुण्याचं आहे. वैद्य म्हणाले, वात. मग डॉक्टर. त्यानं नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली, जीभ बघितली आणि म्हणाला, "प्रकृती ठणठणीत आहे. मनाला लावून घेऊ नका." आता ठणठणीत माणसानं तक्रार करायची कुणाकडं? साहेब रोज विचारायचे, "काय नारायणराव, प्रकृती कशी आहे?" मी म्हणायचो, "उत्तम." खोटं कुठं होतं? प्रकृती उत्तमच होती. बाकीचं मोडलं होतं.

शेवटी ठरवलं, सोलापूरला जायचं, मोठ्या डॉक्टरकडं. पण गुपचूप. कचेरीत कळलं की नारायणराव डोक्याच्या डॉक्टरकडं गेले, तर संध्याकाळपर्यंत मी झाडावर चढलो होतो, असंसुद्धा सांगणारे निघाले असते. पहाटेची एस.टी. धरली, आत पाऊल टाकलं, आणि समोरच्याच बाकावर कोण? सिद्धलिंगअप्पा. आमच्याच कचेरीतले, जुन्या कागदांच्या खोलीवर असायचे, सगळी निजामशाही बस्त्यांत, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यांत, बांधून तिच्यावर राखण करणारा माणूस.

"कुठं निघालाव, नारायणराव?"

"देवीला," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. "आणि तुम्ही, अप्पा?"

अप्पांनी उपरणं सारखं केलं. "आमी बी देवीलाच की."

झालं. तिकिटं दोघांचीही सोलापूरची, ती मुठीत दाबून दोघं तुळजापूरला उतरलो. आता उतरल्यावर देवळात जायला नको? गेलो. मी म्हणतोय अप्पा लवकर आटपतील आणि जातील, अप्पा माझी वाट बघतायत. मी एक प्रदक्षिणा घातली की ते दुसरी घालतात. ओळखीचे पुजारी भेटले, ते म्हणाले, चेहरा उतरलाय, अभिषेक करून टाका, आईच्या पायाशी सगळं ठेवा आणि मनाला लावून घेऊ नका. देवीसमोरसुद्धा हेच! मी हात जोडले आणि म्हटलं, आई, अप्पाला आधी घरी पाठव. तेही तिथंच डोळे मिटून उभे. काय मागत असतील, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला जरा थांबायचंय, पाहुण्यांकडं जायचंय." अप्पा म्हणाले, "मला बी." आणि रामराम करून दोघं दोन दिशांना गेलो. मी बोळाबोळातनं वळसा घालून पुन्हा स्टँडवर आलो, सोलापूरच्या गाडीत शिरलो, तर शेवटच्या बाकावर डोक्यावरून उपरणं घेतलेला एक इसम खिडकीबाहेर बघतोय. आणि जागा फक्त त्याच्याशेजारी.

"अप्पा?"

"पाव्हणं तामलवाडीला असत्यात," अप्पा खिडकीलाच म्हणाले.

आता मी काय म्हणावं? सरळ म्हणायला नको, की मी सोलापूरला चाललोय कापड घ्यायला? पण घाबरलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं, तुम्हाला सांगतो, ते पुढच्याचं खोटं उसनं घेतं. मी म्हटलं, "माझेही."

तामलवाडी आली. कंडक्टरनं घंटी मारली, "चला तामलवाडी, तामलवाडी." अप्पा माझ्याकडं बघतायत, मी अप्पांकडं. उतरलो. दोघंही उतरलो हो! गाडी धूळ उडवून सोलापूरकडं निघून गेली, तिच्यात आमचा डॉक्टर गेला, आणि आम्ही एका लिंबाखाली उभे. आयुष्यात माझं त्या गावात कुणी नाही. मी अप्पांच्या निघण्याची वाट बघतोय, अप्पा माझ्या.

डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली. "कुणाकडं आलाव, पाव्हणं?"

"असंच," मी म्हटलं.

"असंच?" तिनं दोघांना खालवर न्याहाळलं. "तामलवाडीला असंच कोण येतंय व्हय?"

ती गेली. अप्पा खाली बसले. मीही बसलो.  माझा पाय सुरू झाला होता, आपोआप हलतो तो, हे दुखणं लागल्यापासूनच. बघतो तर अप्पांचाही हलतोय. आणि मग अप्पांनी जमिनीकडं बघत, हळूच, म्हणजे मागच्या राज्यातल्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "नारायणराव, तबियत लागत न्हाय का?"

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हा शब्द! हाच तर गेला होता हो आमच्याकडून. पूर्वी कुणी विचारायचं, तबियत कशी आहे, आपण म्हणायचं, लागत नाही, बस्स. त्यात ताप मावायचा, मेहुणा मावायचा, उगीचच भरून आलेलं मावायचं. पुढं कुणी खोदून विचारायचं नाही, पानाचा डबा सरकवायचे आणि जरा वेळ नुसतं जवळ बसायचे. साहेबांनी तबियत खोडून प्रकृती केली, आणि प्रकृतीत निम्मा माणूस बसेचना.

मी म्हटलं, "नाही लागत, अप्पा."

मग अप्पा बोलायला लागले. बस्त्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून नवी मराठी नावं लावली होती, आणि आता साहेबांनी कागद मागितला की अप्पांना बस्ता सापडेना. "जन्म गेला त्या खोलीत. आता दार उघडाया गेलो की छाती लई उडती. कुलपाला हात लावतो अन् माघारी फिरतो. कुनाला सांगावं? सोलापूरला डॉक्टर हाय म्हनं एक." मी खिशातून माझं तिकीट काढून दाखवलं. त्यांनी त्यांचं काढलं. आणि आम्ही दोघं त्या लिंबाखाली असे हसलो, की ती म्हातारी परत येऊन, लांबूनच, आमच्याकडं बघून गेली.

सोलापूरला गेलोच नाही. पुढची गाडी भरलेली आली, थांबलीच नाही. धाराशिवकडं जाणारी आली तिच्यात बसलो आणि घरी.

बरे झालो म्हणता? छे. पण रोज मधल्या सुट्टीत मी अप्पांच्या खोलीच्या दाराशी जायचो, ते कुलूप काढेपर्यंत नुसता उभा राहायचो. आणि मी मसुदा लिहायला बसलो की ते एखादा बस्ता झटकायला म्हणून माझ्या टेबलाशी यायचे, विचारायचे, "तबियत?" मी म्हणायचो, "लागत नाही." आणि हात चालायला लागायचा. थरथरत का होईना. पेन्सिल तांबडीच राहिली, पण नोकरी राहिली, पेन्शनही मिळाली.

आता शेवटचं सांगतो आणि उठतो, मला फार वेळ बसवत नाही. एक दिवस साहेबांनी मसुदा घेतला, आणि पेन्सिल चालेचना. खिडकीबाहेर बघत राहिले. बिऱ्हाड पुण्याला, हे इथं एकटे. म्हणाले, "नारायणराव, प्रकृती तशी ठीक आहे हो माझी... पण झोप नाही. उगीचच धडधडतं. कुणाला सांगायचं, कळत नाही." आता मला ठाऊक होतं. धाराशिवात ते मला आणि अप्पांनाच ठाऊक होतं. जवळ बसायचं, एक शब्द विचारायचा, संपलं. मी तोंड उघडलं, आणि काय निघावं तोंडातून?

"साहेब, मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझं ते पहिलं वाक्य, ज्यात साहेबांना एकही चूक सापडली नाही.