बीपी हाय का न्हाई

कोरोनाची दुसरी लाट होती. मिरजेच्या एका दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसले होते. जतच्या हरिबांची बायको आत होती, वाईच्या लालासाहेबांचा भाऊ.

"डॉक्टरनं इचारलं, मंडळीला बीपी हाय का? मी न्हाई म्हनलो."

"आन् हाय?"

"रोज गोळी घेती. गोळी घेतल्यावर मशीनवर बरोबर येतं. मग हाय म्हनायचं का न्हाई?"

"हाय म्हनायचं, पावणं. गोळीमुळंच बरोबर येतंय न्हवं?"

"त्ये बी खरं. पर बीपीवाली जास्त दगावत्यात म्हनं. हाय म्हनलं की तिला त्यातच धरतील, असं वाटलं."

"कवा ॲडमिट केलंय?"

"आज चौथा दिवस."

"आवं, चार दिवस गोळी न्हाई? उठा, आधी सांगून या."

हरिबा दाराशी गेले.

"सिस्टर, रंगुबाईला बीपी हाय. मी न्हाई म्हनलो हुतो. चुकलं माझं."

"थांबा, फाईल बघते. आजोबा, त्यांची गोळी पहिल्या दिवसापासून चालू आहे. त्यांनीच सांगितलं. मालक नाही म्हणतील, पण तुम्ही लिहून घ्या, म्हणाल्या."

हरिबा परत येऊन बसले.

"काय म्हनल्या?"

"तिनं आधीच सांगितलंय. मी न्हाई म्हननार, हे तिला कसं कळलं?"

"लग्नाला किती वर्सं झाली?"

"बेचाळीस. पर तिला दम लागतोय, त्ये मला दोन दिवस कळलं न्हाई बघा."