नुरझातने सही केली नाही

ओश शहरातल्या प्रसूती दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे शिवणकारखान्यातली नुरझात आणि तिची सासू बसल्या होत्या.

“आई, पोट दिसायला लागल्यापासून मालक मागे लागलाय, आपणहून राजीनामा दे म्हणून.”

“सही केलीस?”

“अजून नाही. पण त्याने काढूनच टाकलं तर?”

“गरोदर बाईला असं काढता येत नाही. काढलं तर कामगार निरीक्षकाकडे जाऊ, नाहीतर कोर्टात. मीही येते.”

“तुम्ही तर म्हणायचात, सून घरातच बरी!”

“ते माझं मी बघीन. तुला घरी बसवणारा तो कोण? लाव फोन.”

नुरझातने फोन लावला. “मालक, मी सही करणार नाही. उद्या कामावर येतेय. अडवलंत तर निरीक्षकाकडे जाईन.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ये, पण जड गठ्ठे उचलू नकोस, कायद्यात बसत नाही.”

“मेल्याला कायदा पाठ आहे की गं!”